गाडी गार झाली; पण कारण कळलं का?

मे महिन्यात एसीची तक्रार घेऊन गॅरेजमध्ये गेलेल्या माणसाला बॉनेट उघडण्याआधीच निदान ऐकायला मिळतं : "गॅस कमी झाला असणार साहेब, भरून टाकू." गॅस भरला जातो. जाळीतून गार वारा येतो. पैसे चुकते करून माणूस समाधानानं घरी जातो आणि पावसाळा मुरायच्या आत वारा पुन्हा कोमट होतो.

मेकॅनिकचं चुकलं काय? गॅस खरोखरच कमी होता. भरल्यावर गाडी खरोखरच गार झाली. म्हणजे त्याचा समज खरा होता आणि त्यावरून केलेलं कामही फळलं. तरी त्याला बिघाड कळला होता, असं म्हणायला जीभ रेटत नाही. खरं बोलणं आणि जाणून बोलणं यांत काहीतरी फरक आहे. हा फरक नेमका कशात आहे, यावर भारतीय तत्त्वज्ञांनी हजार-दीड हजार वर्षं एकमेकांशी कडाकडा भांडण केलं आहे. ते भांडण वाचलेला माणूस गॅरेजमध्ये जरा वेगळे प्रश्न विचारतो.

न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनांनी ग्रंथाच्या आरंभीच रोखठोक कसोटी देऊन टाकली. ज्ञान खरं की खोटं, हे त्यावरून केलेली कृती फळाला येते की नाही यावरून ठरवायचं. न्यायसूत्रांच्या परंपरेतले नैयायिक याला दाखला देतात तो पाण्याचा. तहानलेला माणूस समोर पाणी दिसलं म्हणून गेला, ओंजळीनं प्यायला, तहान भागली. तेव्हा ते पाणीच होतं. मृगजळ असतं तर हात कोरडे राहिले असते. "गाडी चालली ना? मग झालं!" असं म्हणणारा गॅरेजवाला नकळत याच पक्षाचा असतो, आणि हा पक्ष मुळीच कच्चा नाही.

त्याला सुरुंग लावला तो बाराव्या शतकातल्या श्रीहर्षानं. 'नैषधीयचरित' लिहिणारा कवी तो हाच. 'खंडनखंडखाद्य' या ग्रंथात त्यानं विचारलं : मिटलेल्या मुठीत कवड्या किती, असं एकानं विचारलं, दुसऱ्यानं उगाच 'पाच' ठोकून दिलं आणि मूठ उघडल्यावर कवड्या पाचच निघाल्या, तर याला ज्ञान म्हणायचं का? उत्तर तर बरोबर आहे. १९६३ साली अमेरिकेतल्या एडमंड गेटियर या प्राध्यापकानं जेमतेम तीन पानांच्या लेखात याच जातीची उदाहरणं मांडली आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात जी खळबळ उडाली ती अजून पुरती शमलेली नाही. मे महिन्यातलं "गॅस कमी झाला असणार" हे मुठीतल्या कवड्यांचं उत्तर आहे. ऋतूच असा असतो की 'पाच' म्हटलं तर बऱ्याचदा पाचच निघतात.

आता मूठ उघडून पाहू. गाडीचा एसी ही बंद नळ्यांची फेरी आहे. कंप्रेसर गॅस दाबतो, रेडिएटरसमोरचा कंडेन्सर त्याची उष्णता बाहेर टाकून त्याचा द्रव करतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून तो द्रव एकदम मोकळा होतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये उकळताना आतल्या हवेतली उष्णता शोषून घेतो. बहुतेक गाड्यांत असलेला आर-१३४ए हा गॅस साध्या वातावरणीय दाबाला उणे २६ अंश सेल्सिअसलाच उकळतो, म्हणून हे जमतं. पेट्रोल जळतं, तसा हा गॅस जळत नाही, खर्च होत नाही. रबरी पाइपांतून वर्षानुवर्षांत थोडासा झिरपतो हे खरं. पण एका उन्हाळ्यात कमी झाला असेल तर तो कुठूनतरी निसटला आहे. म्हणजे 'गॅस कमी' हे कारण नव्हेच, ते स्वतःच एक कार्य आहे. दगड लागलेला कंडेन्सर, सुकलेली ओ-रिंग, कंप्रेसरच्या शाफ्टचं सील, गंजलेली कूलिंग कॉइल यांपैकी कुणीतरी त्याचं कारण आहे. गॅसबरोबर कंप्रेसरचं तेलही फिरत असतं. म्हणून गळतीच्या जागी तेलकट डाग पडतो आणि त्यावर धूळ बसते. धुरावरून अग्नी ओळखावा, तशी त्या मळकट डागावरून गळती ओळखायची. अनुमानाचं हे साधं, सरळ रूप आहे, पण त्यासाठी वाकून टॉर्च मारावा लागतो.

गॅस कमी आहे हे तरी मेकॅनिकनं कशावरून ठरवलं? बरेच जण बंद गाडीला गेज लावून दाब बघतात, आणि तिथेच फसतात. नळ्यांत थोडासा जरी द्रव शिल्लक असेल तरी बंद गाडीतला दाब गॅस किती आहे यावर ठरत नाही. तो फक्त तापमानावर ठरतो. ३० अंशांना तो साधारण ९५ ते १०० पीएसआय येतो, मग आत पुरा गॅस असो की निम्मा. जी खूण साध्य (जे सिद्ध करायचं ते) असतानाही दिसते आणि नसतानाही, तिच्यावरून केलेलं अनुमान फसवं. न्यायशास्त्रात अशा हेतूला 'सव्यभिचार' म्हणतात आणि हेत्वाभासांच्या, म्हणजे फसव्या हेतूंच्या, यादीत त्याचा मान पहिला आहे. गॅसचं प्रमाण कळायचं तर तो यंत्रानं बाहेर काढून वजन करावा लागतो. बॉनेटखालच्या स्टिकरवर कंपनीनं आकडा ग्रॅममध्येच छापलेला असतो. पीएसआयमध्ये नाही.

बॅटरीचीही हीच गत. भरलेली, निवांत असलेली बारा व्होल्टची बॅटरी मीटरवर १२.६ दाखवते. मीटर पाहून मालक म्हणतो, "बॅटरी ठणठणीत आहे." पण आतल्या प्लेटा खराब झालेली बॅटरीही बिनकामाची बसलेली असताना १२.५ दाखवू शकते. सेल्फ मारल्याबरोबर आकडा साडेनऊच्या खाली कोसळला, तर कळतं की आधीचा आकडा फक्त आरामातला होता. खूण खरी, अनुमान खोटं.

न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी 'शेषवत्' या प्रकाराचे दोन अर्थ वात्स्यायन देतात. एक, कार्यावरून कारण ओळखणं. नदीला पूर आलेला पाहून वर पाऊस झाला असं समजणं. दुसरा, एकेक शक्यता बाद करत जाऊन उरेल ते स्वीकारणं. वायरिंगचं काम करणाऱ्याच्या हातात हा दुसरा अर्थ रोज असतो. ब्लोअर एक, दोन, तीन नंबरवर गप्प राहतो आणि चारवर मात्र घोंघावतो, ही जुन्या नॉबवाल्या गाड्यांतली नेहमीची तक्रार. चारवर चालतो म्हणजे मोटार शाबूत, फ्यूज शाबूत, मोटारीचं अर्थिंग शाबूत. चार नंबरला वीज रेझिस्टरला वळसा घालून थेट जाते आणि बाकीचे तीन वेग रेझिस्टरमधून येतात. उरलं काय? रेझिस्टर, त्याचा प्लग, फार तर नॉबमागचा स्विच. डॅशबोर्ड न खोलता, खुर्चीवर बसल्या बसल्या संशयितांची संख्या तीनवर आली. तरीही कित्येकदा आख्खी ब्लोअर मोटार बदलली जाते, आणि मोटार बदलताना रेझिस्टरचा प्लगही घट्ट बसल्यामुळे कधी कधी चक्क काम होऊनही जातं. श्रीहर्षाच्या कवड्या पुन्हा पाचच निघाल्या.

'हायवेला गार, सिग्नलला गरम' ही तक्रारही अशीच बोलकी आहे. गाडी पळते तेव्हा समोरचा वारा कंडेन्सर थंड करतो. उभी राहिली की ते काम फॅनचं. एसी लावून फॅन फिरतो की नाही हे बघायला हत्यार लागत नाही. याच्या नेमकं उलट, सुरुवातीला कडक गार आणि तासाभरानं जाळीतून वाराच येईनासा होणं, हे कॉइलवर बर्फ धरल्याचं लक्षण. एसी बंद करून थोडं थांबलं की वारा परत येतो. त्याला कारणं मात्र अनेक : कॉइलजवळचा तापमानाचा सेन्सर, चोंदलेला केबिन फिल्टर, कधी कमी गॅससुद्धा. लक्षण एक म्हणून कारणही एकच, असं गाडी कधी लिहून देत नाही.

कारण कशाला म्हणायचं, याची व्याख्या नैयायिकांनी फार काळजीनं केली आहे. कार्याच्या आधी जे नेमानं असतं ते कारण; पण आधी असणारं प्रत्येक काही कारण नव्हे. कुंभाराकडे मातीची गोणी गाढवाच्या पाठीवरून आली आणि त्या मातीचा घट झाला, म्हणून गाढव घटाचं कारण होत नाही. माती दुसऱ्या कशानंही आणता आली असती. अशा आगंतुकांना त्यांनी 'अन्यथासिद्ध' ठरवलं. न्यायाची पहिली पायरी चढणाऱ्या विद्यार्थ्याला अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'च्या आसपास हे गाढव हमखास भेटायचं. या छोट्या पुस्तकाची आठल्ये आणि बोडस यांनी सिद्ध केलेली टीपांसह आवृत्ती मुंबई संस्कृत मालेत १८९७ साली निघाली आणि ती अजूनही वापरात आहे.

गॅरेजमध्ये गाढव बनतं ते शेवटी केलेलं काम. "म्युझिक सिस्टीम बसवली आणि तेव्हापासून बॅटरी उतरते." "वॉशिंगला दिली होती, तेव्हापासून सेल्फ घेत नाही." बऱ्याचदा हे निव्वळ गाढवच असतं. पण इथे एक गंमत आहे : कधी कधी गाढव खरंच गुन्हेगार निघतं. चुकीच्या वायरला जोडलेला कॅमेरा किंवा साउंड सिस्टीम गाडी बंद असतानाही वीज पीत राहते. म्हणून मोजायचं. झोपलेल्या गाडीनं साधारण ५० मिलिअॅम्पिअरच्या आत वीज घ्यावी. एक अॅम्पिअर जात असेल तर लहान गाडीची ३५ अॅम्पिअर-तासांची बॅटरी दोन दिवसही टिकणार नाही. एकेक फ्यूज काढायचा आणि मीटरचा आकडा कधी पडतो ते पाहायचं. त्यातही सबुरी हवी, कारण आजच्या गाड्यांतले छोटे संगणक झोपी जायला अर्धा तासही लावतात आणि मधेच कुणी दार उघडलं की पुन्हा जागे होतात. मोजणाऱ्याची घाईच मोजमाप बिघडवते.

यापुढचा प्रश्न अधिक खोल आहे, आणि माझ्या मते या सगळ्या वादातला सर्वांत सुंदर. जे नाहीच, ते कारण होऊ शकतं का?

मीमांसादर्शनाचे अनुयायी, म्हणजे मीमांसक, म्हणत, अग्नीत जाळण्याची एक अदृश्य 'शक्ती' असते. विशिष्ट मणी जवळ ठेवला की अग्नी दिसायला तसाच राहतो, पण जाळत नाही. म्हणजे मण्यानं ती शक्ती झाकली. नैयायिक उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त याला उत्तर दिलं : शक्ती नावाचा वेगळा पदार्थ मानायची गरजच काय? प्रतिबंधकाचा अभाव हाही कारणसामग्रीचाच एक भाग आहे. अग्नी, लाकूड आणि मणी नसणं, एवढं जमलं की जळतं. अभाव कारण होऊ शकतो.

एसी लावला आणि कंप्रेसरचा 'टक्' आवाजच आला नाही, की मालक मीमांसक होतो : "कंप्रेसरमध्ये दम राहिला नाही." कंप्रेसर महाग असतो, हे सांगायला नको. प्रत्यक्षात तो चालू होण्यासाठी अनेक 'नसणी' लागतात. गॅसचा दाब फार कमी नसला पाहिजे, नाहीतर प्रेशर स्विच त्याला अडवतो. दाब फार जास्त नसला पाहिजे. इंजीन तापलेलं नसलं पाहिजे. कॉइल गोठलेली नसली पाहिजे. यांतली एकही अडचण असली की धडधाकट कंप्रेसर गप्प बसतो, कारण त्याला गप्प बसायला सांगितलेलं असतं. जाणता वायरमन क्षणभर क्लचला थेट बारा व्होल्ट देऊन बघतो. टक् झालं? मग क्लच निर्दोष, आणि शोध आता मण्याचा.

फ्यूजच्या बाबतीत तर हे न समजणं जिवावर बेततं. उडालेला फ्यूज हा बिघाड नसतो. तो बिघाडाला अडवणारा मणी असतो. लाल दहाचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा, हिरवा तीसचा. निळा वारंवार उडतो म्हणून तिथे हिरवा लावणारा माणूस प्रतिबंधक काढून टाकतो. मग वायर तापते, आणि अग्नीला जाळण्यापासून रोखायला कुणी उरत नाही.

अभाव कळतो कसा, हाही वाद जुनाच. मीमांसक कुमारिल भट्टांच्या परंपरेनं त्यासाठी 'अनुपलब्धी' (न दिसणं) हे स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन, मानलं, नैयायिकांनी मानलं नाही. पण एका अटीवर दोघांचं जवळजवळ एकमत आहे : वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून घट नाही, असं म्हणता येत नाही. वायरिंगमध्ये ही अट सोन्यासारखी आहे. इंजिनाच्या अर्थिंगची जाड केबल आतून कुजली आहे, धागे तुटून दोन-चारच उरले आहेत. मल्टिमीटर लावला तर तो 'बीप' करतो, रोध जवळपास शून्य दाखवतो. पण मीटर तपासताना नाममात्र वीज सोडतो आणि सेल्फ दीडशे अॅम्पिअर ओढतो. एक शतांश ओहमचा रोध, जो साध्या मीटरला दिसतही नाही, तो दीडशे अॅम्पिअरला दीड व्होल्ट खाऊन टाकतो. बिघाड पाहण्याची लायकीच त्या चाचणीत नव्हती. खरी चाचणी अशी : मीटरची एक टोच बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला, आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगायचं. आकडा एक-दोन दशांश व्होल्टच्या बराच वर गेला तर केबल किंवा तिचे जोड दोषी.

हीच चूक फार मोठ्या प्रमाणावरही झाली आहे, आणि तिचा संबंध एसीच्या गॅसशीच आहे. आधीच्या गाड्यांत आर-१२ हा गॅस असे. तो हवेत सुटला की वर ओझोनचा थर खातो, हे मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ साली मांडलं. अंटार्क्टिकावरचं ओझोनचं छिद्र ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जमिनीवरच्या उपकरणांनी शोधून १९८५ साली जाहीर केलं. अमेरिकेचा निंबस-७ उपग्रह तेव्हा वर फिरतच होता, त्याच्या नोंदींत ते कमी आकडे होतेही; पण इतके कमी आकडे संशयास्पद समजून खूण करायची, असं संगणकाला सांगितलेलं होतं. १९८७ साली माँट्रियल करार झाला आणि आर-१२ जाऊन आर-१३४ए आला. तो ओझोनला अपाय करत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबात वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक उष्णता धरतो. म्हणून गळती न शोधता दरवर्षी गॅस भरत राहणं हा फक्त तर्काचा दोष राहत नाही.

स्कॅनरबद्दल थोडंच पुरे. गाडीला स्कॅनर लावून निघालेला कोड म्हणजे शब्दप्रमाण, विश्वासू माणसाच्या, आप्ताच्या, सांगण्यावरून झालेलं ज्ञान. आप्ताचा शब्द प्रमाण खरा, पण आप्त काय म्हणाला ते नीट ऐकावं. पी-०५६२ हा कोड 'व्होल्टेज कमी' एवढंच सांगतो. 'बॅटरी बदला' असं तो म्हणत नाही. ढिला बेल्ट, थकलेला अल्टरनेटर, हिरवट थर चढलेलं टर्मिनल, सगळे त्या एका वाक्यात मावतात.

आणि काहीच सापडलं नाही की येतं 'अदृष्ट', म्हणजे न दिसणारं कारण. वैशेषिक सूत्रांत सुई लोहचुंबकाकडे का सरकते याचं कारण अदृष्ट असं दिलं आहे. दिसणारं कारण हाताशी नव्हतं. आज त्याच चुंबकावर गाडीतला रिले, सेल्फचा सोलेनॉइड, कंप्रेसरचा क्लच आणि अल्टरनेटर चालतो. दसऱ्याला गाडीला झेंडू वाहणाऱ्याशी किंवा लिंबू-मिरची टांगणाऱ्याशी तर्कशास्त्राचं फारसं भांडण नाही, कारण त्यावरून तो कंप्रेसर बदलत नाही. "सेन्सरचा प्रॉब्लेम असेल", "ईसीएम गेला असेल" हे मात्र आजच्या गॅरेजचं अदृष्ट, आणि त्याचं बिल येतं.

चार्वाक इथे म्हणेल की कुठलंच अनुमान खात्रीचं नाही; लपलेली एखादी अट कायमच राहते. बरोबर आहे. कधी येणारा, कधी जाणारा बिघाड हे चार्वाकाचं आवडतं वाहन असावं. उदयनांचं त्यावरचं म्हणणं असं की शंका स्वतःच्या वागण्याशी टक्कर घेईपर्यंतच चालते. सगळ्यावर शंका घेणाराही सकाळी किल्ली फिरवतोच. मधला मार्ग अन्वय-व्यतिरेकाचा. कारण असताना कार्य होतं हे पाहायचं आणि नसताना होत नाही हेही पाहायचं. बहुतेक मेकॅनिक पहिल्या अर्ध्यावर थांबतात. बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा आणि एसीचा रिले एकाच जातीचा असतो. संशय असेल तर दोघांची अदलाबदल करा. एसी सुरू झाला, एवढ्यावर भागत नाही, कारण रिले काढून घालताना पिनांवरचा गंजही खरवडला जातो. एसी सुरू झाला आणि हॉर्न मुका झाला, तर दोष रिलेबरोबर चालत गेला. आता ते ज्ञान.

वात्स्यायनांची कसोटी चुकीची नव्हती, अपुरी होती. फळ मिळालं हे पुराव्यांपैकी एक. बिघाड मुद्दाम परत आणून दाखवता आला, तर तो सिद्ध. अशी तपासणी बऱ्याचदा पाच-दहा मिनिटांची असते आणि ती मागायला तर्कतीर्थ असावं लागत नाही. तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात गॅस भरायला गेलात, तर आधी गळती शोधायला सांगा, किती ग्रॅम निघाला आणि किती घातला हे बिलावर लिहून मागा, आणि रिलेसारखा सहज काढता-घालता येणारा भाग बदलला असेल तर तो जुना भाग घरी न्यायच्या आधी एकदा परत बसवून दाखवायला लावा.